‘कमी’ म्हणजे कशाच्या मानाने?

नमस्कार. मधुमेहात स्नायूंमधल्या मायटोकॉन्ड्रियाची (पेशींतल्या ऊर्जाकेंद्रांची) प्रथिनं घटतात, या माझ्या लेखातल्या विधानावर तुमचे आक्षेप दोन: ही घट मधुमेहाची नसून बसून राहण्याची आहे, आणि भारतीयांमध्ये ती दिसतच नाही. दुसरा मला पूर्ण मान्य, पहिला अर्धाच. शिवाय ही प्रथिनं ‘कमी’ कशाच्या मानाने, असं तुम्ही विचारलंत, आणि तुमच्या वेस्टर्न ब्लॉटमधली (प्रथिनं जेलमध्ये वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवून मोजायची चाचणी) एक अडचणही कळवलीत.

२००८ साली मेयो क्लिनिकच्या गटाने अमेरिकेतले भारतीय आणि उत्तर युरोपीय वंशाचे अमेरिकन यांचे स्नायू तपासले. भारतीयांचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देत होतं, तरी त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाची एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू) बनवायची क्षमता जास्तच निघाली. मधुमेही आणि मधुमेह नसलेले भारतीय यांच्यात फरकही सापडला नाही. म्हणजे ‘मायटोकॉन्ड्रिया घटले म्हणून मधुमेह झाला’ असं सरळ म्हणता येत नाही. लेखात मी तसं म्हटलं होतं, ते चुकलंच. वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता बैठेपणा. २००४ मध्ये येलच्या गटाने टाइप २ मधुमेहींची सडपातळ, इन्सुलिनला नीट दाद न देणारी प्रौढ अपत्यं घेतली आणि वय, वजन, हालचाल यांत जुळणाऱ्या इतरांशी ताडून पाहिली. तरीही स्नायूंमधली एटीपीनिर्मिती सुमारे ३० टक्के कमी भरली. सगळा दोष खुर्चीवर ढकलता येत नाही तो यामुळे.

पण ‘कमी’ कशाच्या मानाने, हा तुमचा प्रश्न कळीचा आहे. मांडीच्या व्हास्टस लॅटरॅलिस या स्नायूमधून सुईने काढलेल्या तुकड्यात संथ आणि जलद तंतू मिसळलेले असतात. संथ तंतूंत मायटोकॉन्ड्रिया मुळातच जास्त, आणि टाइप २ मधुमेहींत जलद तंतूंचं प्रमाण बरेचदा वाढलेलं. त्यामुळे एकेक मायटोकॉन्ड्रियन ठणठणीत असूनही एकूण प्रथिनाच्या मानाने मायटोकॉन्ड्रियाच्या प्रथिनाचा बँड (ब्लॉटवरचा पट्टा) फिका येतो. म्हणून बँडचं माप दोनदा भागायचं: आधी एकूण प्रथिनाने, मग सायट्रेट सिंथेजने, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया किती आहेत ते दाखवणाऱ्या एन्झाइमने. दुसऱ्या भागाकारात फरक पुसला गेला तर मायटोकॉन्ड्रियाची संख्या कमी. टिकला तर आतली घडण बदललेली. कोपनहेगनच्या गटाने २००७ मध्ये मायटोकॉन्ड्रियाची श्वसनक्षमता (ऑक्सिजन वापरायची क्षमता) अशी भागली, तेव्हा फरक पुसला गेला होता. लोडिंग कंट्रोल (प्रत्येक नमुना सारखाच भरला ना, हे तपासायचं प्रथिन) म्हणून जीएपीडीएच मात्र टाळाच. ते ग्लुकोज तोडणाऱ्या साखळीतलं एन्झाइम आहे, तंतूंच्या प्रकारानुसार स्वतःच बदलतं. त्यापेक्षा मेम्ब्रेनवर सगळी प्रथिनं दाखवणारा पॉन्सो रंग देऊन प्रत्येक नमुन्याची अख्खी लेन (उभी रांग) मोजा.

शेवटी तुमच्या ब्लॉटमध्ये गायब झालेला कॉम्प्लेक्स ४, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतला एक प्रथिनसमूह. नमुना ९५ अंशांवर पाच मिनिटं उकळला, असं तुम्ही लिहिलं आहे. त्याची खूण म्हणून मोजलं जाणारं एमटीसीओ १ हे पटलात रुतलेलं, पाण्याशी फटकून राहणारं प्रथिन. उकळलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि ते जेलच्या खाचेतच अडकतं. इतर कॉम्प्लेक्सची एसडीएचबी किंवा एटीपी५ए ही प्रथिनं उकळूनही दिसतात, म्हणून बघणाऱ्याला वाटतं फक्त कॉम्प्लेक्स ४ घटला. तोच नमुना ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पुन्हा चालवा आणि मेम्ब्रेन खाचेपर्यंत अख्खं ठेवा, वरचा भाग कापू नका. मधुमेही आणि निरोगी नमुने एकाच जेलवर, आलटून पालटून भरा.