धोका उशाशी ठेवलेल्या मोबाइलला नाही

सूर्यावर मोठा स्फोट झाल्याची बातमी आली की एक जुना मेसेज पुन्हा फिरू लागतो: ‘आज रात्री 12.30 ते 3.30 वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत. मोबाइल बंद करून अंगापासून लांब ठेवा, नाहीतर जळेल. इंटरनेट कित्येक महिने बंद पडणार.’ लोक तो काळजीपोटीच पुढे पाठवतात, हे मला कळतं. पण त्यामुळे सगळ्यांचं लक्ष भलतीकडेच जातं, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

‘वैश्विक किरण जवळून जाणार.’ ते अहोरात्र बरसतच असतात. त्यांच्यापासून तयार होणारा साधारण एक म्युऑन (एक अतिसूक्ष्म कण) दर मिनिटाला तुमच्या तळहाताच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून आरपार जातो. उलट सूर्यावरच्या स्फोटातून सुटलेला सौरवादळाचा चुंबकीय ढग दूरच्या अंतराळातून येणाऱ्या या किरणांना अडवतो, त्यामुळे ते काही काळ कमीच होतात.

‘रात्री 12.30 ते 3.30.’ कुठल्या देशाच्या घड्याळात? सौरज्वाळेचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पोचतात आणि जिथे दिवस असतो तिथलाच शॉर्टवेव्ह रेडिओ बंद पाडतात. मागून येणाऱ्या प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, लोटाला 15 तासही लागतात, तीन दिवसही.

‘मोबाइल जळेल.’ खरी मेख इथे आहे. वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हेलकावे खातं आणि जमिनीत विद्युतक्षेत्र तयार होतं. तीव्र वादळातही ते दर किलोमीटरला काही व्होल्ट असतं. अगदी 10 व्होल्ट धरले, तरी 15 सेंटिमीटरच्या फोनच्या वाट्याला दीड मिलिव्होल्ट येतो, मग फोन चालू असो की बंद. 500 किलोमीटर लांब वीजवाहिनीला मात्र हाच हिशेब 5,000 व्होल्टांवर नेतो. मग तिच्यातून जवळजवळ एकाच दिशेचा प्रवाह वाहू लागतो, आणि तो ट्रान्सफॉर्मरला सोसत नाही. नेहमीची गुणगुण वाढत घरघर होते, आतलं लोखंड आणि वेटोळी तापू लागतात. 13 मार्च 1989 ला कॅनडातल्या क्वेबेकचं ग्रिड, म्हणजे वीजपुरवठ्याचं जाळं, सुमारे 90 सेकंदांत कोसळलं. 60 लाख लोक जवळपास नऊ तास विजेविना होते. फोन बंद ठेवून यातलं काहीही टळत नाही.

‘इंटरनेट कित्येक महिने बंद.’ हे अगदीच हवेतलं नाही. समुद्राखालच्या केबलमधून धावणाऱ्या प्रकाशाला वादळ काही करत नाही, पण त्या प्रकाशाला वाटेत जोर देणारे रिपीटर त्याच केबलच्या तांब्यातून येणाऱ्या विजेवर चालतात. 2021 मध्ये संशोधक संगीता अब्दु ज्योती यांनी या दुबळ्या जागेकडे लक्ष वेधलं. तो इशारा होता, मेसेजवाल्यांनी त्याचं भाकीत करून टाकलं. मे 2024 मधलं वादळ दोन दशकांतलं सर्वांत तीव्र होतं, तरी इंटरनेट चालू राहिलं. अडले ते अमेरिकेतले शेतकरी. उपग्रहाचे संकेत वातावरणाच्या वरच्या ज्या विद्युतभारित थरातून, म्हणजे आयनोस्फियरमधून, येतात तोच ढवळून निघाला, आणि जीपीएसच्या आधारे नेमक्या ओळीत चालणाऱ्या यंत्रांची ऐन पेरणीत दिशा चुकू लागली.

मेसेजमध्ये उपग्रहांचा उल्लेखही नसतो. फेब्रुवारी 2022 मध्ये एका साध्याशा वादळाने वरचं वातावरण फुगलं आणि इंटरनेट पुरवण्यासाठी नुकतेच सोडलेले 38 स्टारलिंक उपग्रह खाली ओढले जाऊन जळाले.

पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरची अंतराळयानं सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताची, चाहूल साधारण पाऊण तास आधी देतात. ग्रिड चालवणाऱ्यांना भार कमी करायला तेवढाच वेळ हाताशी असतो. त्या रात्री तुमचा फोन चार्ज करून चालू ठेवा. वीज गेलीच तर अधिकृत सूचना त्याच्यावरच येईल.