रविवार गेला म्हणून रडणाऱ्या आपल्या ट्रेकिंग ग्रुपसाठी

२०२५ च्या जुलैमध्ये पेनसिल्वेनियाने रविवारच्या शिकारीवरची बंदी उठवली आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुतक पडलं. कोल्हे, कावळे असले अपवाद सोडले तर दीडशे वर्षं इथे रविवारी शिकार बंद होती. २०१९ मध्ये तीन रविवार उघडले आणि आता बंदीच गेली. २०२५ च्या हंगामात सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे सगळे रविवार शिकाऱ्यांना खुले झाले. म्हणजे नेमके पानगळीचे, बंदुकीची धास्ती न बाळगता भटकायचे, आपले लाडके. "जंगल काय यांच्या बापाचं आहे का?" असा मेसेज कुणीतरी टाकला आणि त्याला एकवीस अंगठे आले. त्यातला एक माझाही होता, खोटं कशाला बोलू.

पण अंगठा दिल्यावर दिवसभर काहीतरी टोचत राहिलं. कारण ते जंगल जवळपास त्यांच्या बापाचंच आहे.

आपण ज्या स्टेट गेम लँड्सवर, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या राज्याच्या जमिनींवर हिंडतो, ती सुमारे १५ लाख एकर जमीन आहे. खरेदी १९२० पासून चालू आहे आणि त्यात मोठा वाटा शिकारीच्या लायसन्सचा. ती सांभाळणाऱ्या गेम कमिशनला, म्हणजे राज्याच्या शिकार-वन्यजीव खात्याला, राज्याच्या सर्वसाधारण करांतून पैसा मिळत नाही. लायसन्स, लाकूडतोड, गॅसचे भाडेपट्टे आणि केंद्राकडून येणारा बंदूक-काडतुसांवरचा कर, यावर सगळं चालतं. हा कर १९३७ पासून आहे, रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के. आपल्या ट्रेकिंगच्या बुटांवर, सॅकवर, दुर्बिणीवर असा कर लावायचा प्रयत्न नव्वदच्या दशकात झाला होता, तो सामान बनवणाऱ्या कंपन्यांच्या विरोधामुळे बारगळला. आपण पार्किंगलाही पैसे देत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आपण थंडीत कुडकुडत मिडल क्रीकला जातो, तळ्यावरून पांढरे हंस एकदम उठतात आणि आपण व्हिडिओ काढतो, ती जागाही गेम कमिशनचीच. (हो, ते हंस नाहीत, स्नो गीज आहेत. पण आईला फोनवर सांगताना मी हंसच म्हणते.)

आता बाबांची गोष्ट. दोन-तीन वर्षांपूर्वी बाबा कुडाळहून आले होते. नाताळनंतरच्या आठवड्यात त्यांना घेऊन आम्ही ॲपलाचियन ट्रेलच्या एका तुकड्यावर गेलो. हा ट्रेल गेम लँड्समधूनही जातो. नवऱ्याच्या सॅकला स्पीकर लटकवलेला, लेक करड्या जॅकेटात पुढे पळत होती. एका वळणावर आडव्या पडलेल्या ओकच्या खोडावरून एक म्हातारा उठला. तपकिरी लोकरीचा कोट, पांढरी दाढी. दहा पावलांवर होता, तरी उठेपर्यंत तो मला दिसला नव्हता. हातात बंदूक होती. माझ्या पोटात गोळा आला.

बाबा मात्र सरळ त्याच्याकडे चालू लागले. "अगो, ही ठासणीची! अण्णांकडे होती तशीच!"

पेनसिल्वेनियात नाताळनंतर हरणांचा एक खास हंगाम असतो, फक्त गारगोटीच्या बंदुकीचा. नळीत वरून दारू ओतायची, कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची आणि घोड्याच्या जबड्यातली गारगोटी ठिणगी पाडेल अशी आशा करायची. माझ्या आजोबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि अण्णा माळ्यावर जागे राहायचे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, मग डुकरांचं फावायचं. हे सगळं मी त्या म्हाताऱ्याला इंग्रजीत सांगत होते आणि तो मान डोलावत होता. बाबांनी खुणेने विचारलं, गारगोटी का, केप (घोडा आपटला की पेटणारी दारूची टोपी) का नाही? त्याने गारगोटी काढून बाबांच्या तळहातावर ठेवली. नियम म्हणजे नियम, म्हणाला.

मग माझ्या लेकीकडे बघत त्याने विचारलं, "हिचं केशरी कुठे आहे?" गेम लँड्सवर १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर शिकाऱ्याला लांबून दिसावं म्हणून भडक केशरी कपडे घालणं चालणाऱ्यांनाही सक्तीचं असतं, ती तारीख उलटली होती, म्हणून मी घातलं नव्हतं. त्याने वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, "तुम्ही दिसायच्या अर्धा तास आधीपासून गाणी ऐकू येत होती." पहाटेपासून तो तिथे न हलता बसला होता. त्याची सकाळ आम्ही नासवली, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

म्हणून शिकाऱ्यांचं सगळंच मान्य, असं नाही. "पैसे आम्ही भरतो, तुम्ही पाहुणे" हा त्यांच्यातल्या काहींचा सूर मला अजिबात पटत नाही. आपण ऑक्टोबरमध्ये ससाणे बघायला हॉक माउंटनला जातो ना, तिथल्या कड्यावर बसून शेकडो शिकारी पक्षी गंमत म्हणून पाडले जायचे. गेम कमिशन तर १९२९ पासून गॉसहॉक या शिकारी पक्ष्याच्या डोक्याला पाच डॉलर बक्षीस देत होतं. कड्यावरची ती कत्तल थांबवली रोझली एज नावाच्या, हातात बंदूक न घेतलेल्या बाईने. १९३४ मध्ये तिने डोंगरच भाड्याने घेतला. लायसन्सच्या पैशाने जमीन मिळते, अक्कल मिळतेच असं नाही.

पण शत्रू ओळखताना तरी आपण चुकू नये. २०२५ च्या जूनमध्ये यूटाच्या माइक ली या सिनेटरने पश्चिमेकडची लाखो एकर सरकारी जमीन विकायचा प्रस्ताव आणला. त्यावर शिकारी, मासेमार, ट्रेकर, सायकलवाले असे सगळे एकाच वेळी तुटून पडले आणि महिना संपायच्या आत त्याला तो मागे घ्यावा लागला. माँटाना-आयडाहोतल्या रिपब्लिकन शिकाऱ्यांनी फोन केले नसते तर नुसत्या ट्रेकरांना कोण विचारत होतं?

तर माझं म्हणणं असं. रविवार परत मागायचाच असेल तर आधी खिशात हात घाला. राज्यातल्या रहिवाशाला शिकारीचं लायसन्स सुमारे २१ डॉलरला मिळतं. शिकार करायची नसली तरी काढता येतं, फक्त पहिल्या वेळी सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. मी केला आणि काढलं. नवरा म्हणतो, शाकाहारी बाईकडे शिकारीचं लायसन्स! असू दे. ट्रेकरांसाठी वेगळा पास निघाला तर मी पहिली रांगेत असेन, आणि मग "नोव्हेंबरातले दोन रविवार आम्हाला सोडा" हे गेम कमिशनच्या बैठकीत ताठ मानेने सांगेन. आज कुठल्या तोंडाने सांगू?

तोवर आपल्या ग्रुपपुरतं ठरवू या. स्पीकर घरी. माथ्यावरची घोषणा एकदाच द्या, घसा फुटेस्तोवर नको. आणि सप्टेंबर ते जानेवारी प्रत्येकाच्या अंगावर केशरी, तारखा बघायच्या नाहीत.

त्या दिवशी परतताना आम्ही दुकानातून चार केशरी जाकिटं घेतली. बाबा त्यांचं कुडाळला घेऊन गेले आणि संध्याकाळी काजूच्या बागेत जाताना घालतात. वाडीतले लोक विचारतात, "काय, यंदा कुठल्या पक्षात?"