रोज दोन तासांत तीन क्रेडिट? हिशेब जुळत नाही

‘रोज दोन तास दिले तरी विंटर ब्रेकमध्ये तीन क्रेडिटचा ऑनलाइन कोर्स होतो,’ हे अमेरिकन कॉलेजांच्या विंटर ब्रेकवरच्या (हिवाळी सुट्टीवरच्या) लेखातलं विधान मुलांना खड्ड्यात घालणारं आहे. अमेरिकेत सेमिस्टरच्या एका क्रेडिटमागे (क्रेडिट म्हणजे पदवीसाठी जमवायचं अभ्यासाचं एकक) आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास स्वतःचा अभ्यास, असे साधारण १५ आठवडे धरतात. तीन क्रेडिटचे झाले १३५ तास. कोर्स तीन आठवड्यांचा असेल तर रविवार धरून रोज जवळपास साडेसहा तास! वाचन आणि निबंधांचे विषय एवढ्या वेगात निभतात. स्टॅटिस्टिक्स किंवा ऑरगॅनिक केमिस्ट्री मात्र घेऊच नये. गणितं सोडवून चुका समजायला मध्ये दिवस जावे लागतात, ते इथे मिळतच नाहीत.

आणखी एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. पूर्ण फी परत मिळण्याची मुदत अशा छोट्या कोर्सांत बऱ्याचदा पहिल्या एक-दोन दिवसांतच संपते, म्हणून सिलॅबस आधीच मागवून घ्या. कोर्स दुसऱ्या कॉलेजातून करणार असाल तर फी भरण्यापूर्वी आपल्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून कोर्स नंबरसह लेखी मंजुरी घ्या. स्प्रिंगच्या (सुट्टीनंतरच्या सेमिस्टरच्या) एखाद्या विषयासाठी तो प्रीरेक्विझिट, म्हणजे आधी पूर्ण करावाच लागणारा कोर्स, असेल तर जास्तच सांभाळा: ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) पोचायच्या आत स्प्रिंग सुरू झालं, तर त्या विषयातून नाव कमी होऊ शकतं. ॲडव्हायझरशी (विषय निवडीसाठीच्या कॉलेजच्या सल्लागाराशी) हे डिसेंबरच्या सुट्ट्या लागण्यापूर्वीच बोला, नंतर ऑफिसात कुणी सापडत नाही.