चौदा थाऊची तार

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. गेली २२ वर्षं मी एकच काम करत आलोय. जॉब, म्हणजे कापायचा लोखंडाचा तुकडा, लेथच्या चकमध्ये धरायचा, चावीनं आवळायचा आणि त्याला काय वाटतंय याची चौकशी न करता कापायला सुरुवात करायची. वयाच्या ४३व्या वर्षी या सगळ्या जॉबांनी एकी करून माझ्यावर डाव उलटवला.

खरं तर दवाखान्यात गेलो होतो लेकीसाठी. तिचा एक सुळा वरच्या मजल्यावर उगवलाय. डॉक्टरबाईंनी तारा लावायला सांगितल्या. लेक तेरा वर्षांची, म्हणजे वाटाघाटीत तयार. म्हणाली, "पप्पा घालत असतील तर मी घालतो." (कोल्हापूरच्या मुली 'घालतो'च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी लक्ष देऊ नये.) डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, "बघू, तुम्हीही आ करा."

मी आ केला. चूक तिथं झाली. दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये बिघडवलेला जॉब कुणी आमच्याकडं आणला की माझा जो चेहरा होतो, तोच बाईंचा झाला. 'हे कुणी केलंय?' असा. वरचे दात खालच्यांना पूर्ण झाकून बसलेत, खालचे टाळूला टोचतात, घासून घासून झिजलेत. थोडक्यात अलाइनमेंट गेलेली. आता ही भाषा आपल्याला कळते, त्यामुळं नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

घरी आईनं एका वाक्यात निकाल दिला. "लगीन हुन एकोणीस वर्सं झाली, आता दात कुणाला दाखवायचेत?" बायको जास्त व्यवहारी. म्हणाली, "दोघांचं एकदम करताय, तर काही कमी करतील का विचारा."

तारा लावायच्या आधी आठवडाभर दाढांच्या फटीत बारक्या रबरी रिंगा बसवतात. पुढं दाढेभोवती कडं बसवायला जागा व्हावी म्हणून. दाढेत मटणाचा धागा अडकल्यावर माणूस कसा जिभेनं खोदत बसतो? तसं सात दिवस. फरक एवढाच, की मटण खाल्लेलं नव्हतं.

मग मुख्य कार्यक्रम. गालांना प्लास्टिकचा खटका लावून तोंड असं ताणलं, की आयुष्यात पहिल्यांदा मी दीड तास कुणाचं बोलणं मधे तोडलं नाही. प्रत्येक दातावर डिंकासारखं काहीतरी, त्यावर ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारा बारका तुकडा, आणि त्यावर निळा उजेड. त्या उजेडानं डिंक कडक होतो. शेवटी बाईंनी तार ओवली. मला राहवलं नाही. तोंड तसंच उघडं ठेवून खुणेनं विचारलं, साईज काय?

"शून्य पॉइंट शून्य एक चार."

इंचात! जग मिलिमीटरवर गेलं, पण दातांचे डॉक्टर अजून आमच्यासारखे थाऊमध्ये मोजतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चौदा थाऊ, म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. निकेल-टायटॅनियमची तार, कशीही वाकवा, मूळ आकारात येते आणि येताना दाताला सोबत ओढते. ब्रॅकेटची खाच बावीस थाऊची.

हे मी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये सांगितलं, तर आमचा टर्नर काम सोडून उठला.

"बावीसच्या खाचंत चौदाची वायर? मालक, आठ थाऊ प्ले हाय की! डॉक्टरनी फिट चुकवलाय."

मी सांगितलं, की आधी बारीक, मग जाड, शेवटी एकोणीस बाय पंचवीसची चौकोनी तार असा क्रम आहे.

"आसं व्हय. आधी रफिंग, मग फिनिशिंग. मंग किती दिस?"

"दीड-दोन वर्षं. दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो."

त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं. "हितं एका कटात जातोय मालक."

त्याला काय सांगणार! दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, तेव्हा दात सरकतो. म्हणजे पाया तोडत आणि पाठोपाठ बांधत अख्खी भिंत हलवायची, आणि तेही घरात माणसं राहत असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसांनी आरडाओरडा सुरू केला. केळं चावताना कळ येते, हे मी आधी कुणी सांगितलं असतं तर त्याला हसलो असतो. वर 'स'चा 'श' झाला. शिरोलीच्या पार्टीला फोनवर "साठ शाफ्ट शनिवारी" म्हणायचं होतं. समोरचा म्हणाला, "सकाळी सकाळी?"

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. माझ्याकडं दोन्ही होते; मधे तार होती. ऊस बंद, कणीस बंद, खारे दाणे बंद. नेमका त्याच आठवड्यात कागलच्या मामांनी मोळी बांधून ऊस पाठवला. तो गॅलरीत उभा राहून माझ्याकडं बघायचा. आधार एकच उरला, गंगावेशीतला दूधकट्टा. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळ पेला हातात देतात. दातांचा काडीचा संबंध नाही. रोज संध्याकाळी जायला लागलो. महिन्यात दात किती सरकले ते डॉक्टरांनी बघावं, पट्टा दोन भोकं सरकला हे मी सांगतो.

मिसळीचं मात्र वेगळं प्रकरण आहे. आमच्याकडं मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड असतो. कटात बुडवला की शरण येतो. तेवढ्या जोरावर मी पाचव्या दिवशी मिसळ मागवली. ब्रेडनं साथ दिली. फरसाण मात्र खाल्लं तेवढं सगळं दर्शनी भागात मुक्कामाला राहिलं. शेजारच्या टेबलावरचा एक पोरगा बघतच राहिला. मी सौजन्यानं हसलो, तर त्यानं मान फिरवली. घरी येऊन आरशात बघितल्यावर मलाही फिरवावीशी वाटली. मटकी, शेव, कोथिंबीर, सगळं आपापल्या गाळ्यात, मंडईसारखं. तेव्हापासून खिशात बारका ब्रश असतो, अगदी जॉबचं भोक साफ करायच्या ब्रशचं पिल्लू.

आणि तांबडा रस्सा. कोल्हापुरात "जेवायला या" म्हणजे काय, हे सांगायला नको. मेव्हण्याकडं जेवण होतं. मला वाटलं, रस्साच तर प्यायचाय. पण ही तार उष्णतेवर चालते: गार पाण्यानं नरमते, गरमानं ताठ होते. वाफाळत्या तांबड्याचा पहिला घोट गेला आणि चोवीसही ब्रॅकेट एकदम खडबडून कामाला लागले. डोळ्यांत पाणी आलं. मेव्हणा खूश. "झणझणीत झालाय न्हवं?" पानात मटणाची नळी पडली होती. ती मी उचलली, बघितली आणि लेकीच्या वयाच्या भाच्याच्या पानात ठेवली. सासूबाई बायकोला हळूच म्हणाल्या, "जावई किती बदलला गं."

एका रविवारी तारेचं मागचं टोक बाहेर येऊन गालात घुसलं. दवाखाना बंद. समोर टेबलावर माझीच कटिंग पक्कड. दोन मिनिटं आम्ही एकमेकांकडं बघत होतो. टर्नरला नुसतं फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "या की मालक, ग्राइंडर मारतो." मी डॉक्टरबाईंनी दिलेलं मेण टोकावर चिकटवलं आणि सोमवारपर्यंत मौन पाळलं. बायकोनं हा उपचार पुढंही चालू ठेवता येईल का, अशी चौकशी केली म्हणे.

लेकीचं काय? तिला तिसऱ्या दिवशीच काही वाटेनासं झालं. वर्गात आधीच कितीतरी जणींना तारा आहेत. दर महिन्याला ब्रॅकेटवरची रबरं बदलतात, तेव्हा ती रंगांचा डबा समोर घेऊन साडी निवडावी तशी बसते. मी पहिल्या खेपेला वयाला शोभेल म्हणून पारदर्शक रबरं घेतली होती. मिसळीतल्या हळदीनं ती दोन दिवसांत पिवळीधमक झाली. वर्कशॉपमध्ये पोरं विचारायला लागली, मालकांनी सोन्याचे दात कधी बसवले?

परवा शनिवारी परत गेलो होतो. खुर्चीत आडवा, गालांना खटका, बोलायची सोय नाही. बाईंनी विचारलं, "तुम्हाला परत पारदर्शकच ना?"

मी मान हलवायच्या आत कोपऱ्यातून लेक म्हणाली, "पिवळीच लावा मॅडम. उद्या रविवार आहे."