त्यांना जर्मन बोलू तर द्या

म्युनिकमध्ये आपली मराठी मंडळी जमली की कुणीतरी म्हणतंच, हे इंग्लिश मातृभाषा असलेले लोक आळशी, दहा दहा वर्षं इथे राहतात पण जर्मन येत नाही. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून आज लिहायलाच बसले.

माझ्या ऑफिसात एक इंग्लंडची मैत्रीण आहे. चार वर्षं झाली, संध्याकाळचा क्लास कधी चुकवत नाही. बेकरीत जाते, छोट्या पावांसाठीचा पुस्तकातला ‘ब्रोट्शेन’ हा शब्द सोडून इकडच्यासारखं ‘त्स्वाय झेमेल्न, बिटं’ म्हणजे ‘दोन पाव द्या’ असं नीट म्हणते, आणि काउंटरवरची मुलगी तिचा उच्चार ऐकून लगेच इंग्लिशमध्ये उत्तर देते. मदत म्हणूनच करते हो ती, पण झालं ना, तिचं त्या दिवसाचं बोलणं तिथंच संपलं. असं दिवसातून चारदा झालं तर भाषा बसणार कशी? क्लासमध्ये व्याकरण कळतं, तोंडात भाषा दुकानातच बसते.

आणि आपल्याला जे फुकट मिळालंय ते तिला मिळालेलं नाही, हे कुणी लक्षातच घेत नाही. जर्मन नामांआधी लिंगाप्रमाणे लागणारं डेर-डी-डास म्हणजे आपलं तो-ती-ते. जर्मनमध्ये ‘मेट्शेन’ म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी, आपण ‘ते पोरगं, ते लेकरू’ म्हणत वाढलोय त्यामुळे आपल्याला धक्का बसत नाही. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं की क्रियापद शेवटी, आपलं तर नेहमीच शेवटी असतं. पंचवीसला ते ‘पाच आणि वीस’ म्हणतात, आपणही पाच आधीच म्हणतो, ती मात्र फोन नंबर लिहिताना दरवेळी उलटा लिहिते. डू आणि झी म्हणजे तू आणि तुम्ही, तिच्याकडे सगळ्यांना एकच ‘यू’. घरमालकीणबाईंना ती चुकून डू म्हणाली आणि दोन दिवस तिला झोप लागली नाही, एवढं मनाला लावून घेतलं तिने.

त्यात इंग्लंडमध्ये 2004 पासून चौदा वर्षांनंतर शाळेत परकी भाषा घेणं सक्तीचंच राहिलं नाही. आपण मराठी, हिंदी, इंग्लिश अशा तीन भाषा शिकत मोठे झालो, दुसऱ्या भाषेत चुकायची सवय आपल्याला लहानपणीच लागली. तिला ती तिशीनंतर लावून घ्यावी लागतेय. अमेरिकेचं परराष्ट्र खातं सुद्धा आपल्या अधिकाऱ्यांना जर्मनसाठी साधारण 36 आठवडे देतं, तेही दिवसभर बाकी काही न करता फक्त भाषा. ही बिचारी नोकरी करून शिकतेय.

खरं सांगायचं तर इतकी वर्षं मीही तिच्याशी इंग्लिशच बोलत होते, कारण पटकन काम होतं. ते मला आता चुकीचं वाटतं. गेल्या महिन्यापासून दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी फक्त जर्मन बोलतो, ती मध्येच अडते, शब्द शोधत बसते, आणि मी शब्द पुरवत नाही, तिला सापडेपर्यंत गप्प बसते.