टेबल वाजवायचे पैसे

पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि जमलंच तर पणजी असा आमचा दौरा ठरलाय, फक्त पैसे ठरायचेत. प्रोग्रॅम काय तर थिएरी द मे या बेल्जियन संगीतकाराची १९८७ची एक रचना, तिघं जण तीन टेबलांसमोर बसून तळवा, नखं, मूठ, बोटांची पेरं यांनी टेबल वाजवतात आणि हात हवेत कसा वळवायचा हेसुद्धा नोटेशनमध्ये लिहिलेलं असतं. म्हणजे बघायचं पण आणि ऐकायचं पण. एवढं मी काकांना अगदी उत्साहाने सांगितलं तर म्हणाले, आम्ही शाळेत बाक वाजवला की मास्तर बडवायचे, आणि तू वर पैसे मागतोस?

घरचे जाऊ दे, म्हटलं कंपन्यांकडे जाऊ. २०१३च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे, मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर घालायचे. आता कशाकशावर घालायचे त्याची यादी आहे आणि यादीत कला आहे बरं का, पण ती ‘पारंपरिक कला’. पहिल्या कंपनीतले साहेब खरंच सज्जन होते, चहा पाजला, पुढे विचारलं की हे थोडं पारंपरिक करता येईल का, म्हणजे एखादा फेटा वगैरे?

दुसऱ्या ठिकाणी बजेट दाखवलं. वाद्यंच नाहीत तर खर्च कसला, हा प्रश्न. अहो टेबलाला चिकटवायचे माइक, हात नीट दिसावेत म्हणून लाइट, हॉलचं भाडं, गाडी, तिघांचं जेवण! ते ऐकून घेतलं आणि मग म्हणे नमुना दाखवा. त्यांच्या मीटिंगच्या टेबलावर काच होती. तरी वाजवलं. बाहेरून शिपाई धावत आला, कुणीतरी चहाला बोलावतंय असं वाटून.

आणि मार्क अ‍ॅपलबॉम या अमेरिकन संगीतकाराची २०१०ची ‘अफेझिया’ ही रचनाही आहे ना प्रोग्रॅममध्ये, ती तर कुणाला सांगायचीच सोय नाही. आवाज आधीच रेकॉर्ड केलेला, कलाकार त्यावर फक्त हातवारे करतो, तेही सेकंदाला धरून, याला काय मेहनत लागते ते आमच्या खांद्यांना विचारा. ऐकणाऱ्याचा चेहरा मात्र सांगतो, हा गाणार नाही, वाजवणार नाही आणि मानधन घेणार.

शेवटी एक मंडपवाले भेटले, दिलदार माणूस, रोख नाही पण तिन्ही टेबलं दौराभर फुकट. अट एकच, टेबलावर त्यांच्या नावाचं मखमली कापड. आता मखमलीवर नख वाजणार कसं? बरीच घासाघीस झाली, मग त्यांनीच तोडगा काढला की चौथं टेबल न्या, त्याच्यावर कापड टाका, कुणी वाजवू नका. चालेल म्हटलं.

आता नव्या बजेटमध्ये टेबलं चार आणि माणसं तीन. ज्याला दाखवतो तो पहिलं हेच विचारतो, चौथा कुठंय?