कोडॅक ‘फक्त नाव भाड्याने देते’? त्या फॉरवर्डचा हिशेब

नाशिकच्या फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: “1998 मध्ये कोडॅककडे 1,70,000 कामगार होते, जगातला 85 टक्के फोटोपेपर ती विकायची. डिजिटल ओळखलं नाही, काही वर्षांत संपली. आता कारखाना नाही, नुसतं नाव भाड्याने देते. कोडॅक नावाचं काही घेऊ नका.”

आधी आकडा. कामगारांची संख्या सर्वाधिक होती ती 1988 मध्ये, सुमारे 1,45,000. 1998 पर्यंत ती लाखाच्या खाली आली होती. दिवाळखोरीचा अर्ज झाला जानेवारी 2012 मध्ये, आणि सप्टेंबर 2013 मध्ये कंपनी त्यातून बाहेरही आली.

“डिजिटल ओळखलं नाही.” 1975 मध्ये स्टीव्ह सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा बनवला तो कोडॅकमध्येच. 2005 मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कोडॅक पहिली होती. पण रोल, पेपर आणि धुलाईत गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा पैसे मोजायचं. डिजिटल कॅमेरा एकदा विकला की संपलं. मग मोबाइल आला.

“कारखाना नाही.” आहे, अमेरिकेत रॉचेस्टरला. पोर्ट्रा, गोल्ड, ट्राय-एक्स हे फोटोचे रोल आणि सिनेमाची फिल्म आजही तिथेच तयार होते. 2013 मध्ये फोटोचे रोल विकायचं काम कोडॅक अलारिस या वेगळ्या कंपनीकडे गेलं, तिथे लोकांचा घोळ होतो. खरा मोठा धंदा मात्र छपाईचा. सीटीपी प्लेट म्हणजे कॉम्प्युटरवरून थेट तयार होणारी छपाईची प्लेट, सातपूर-अंबडच्या ऑफसेटवाल्यांना ती सांगायला नको. कोडॅकची बहुतेक उलाढाल अशा प्लेटांची आणि छपाईच्या सामानाची आहे.

“नुसतं नाव भाड्याने देते.” यात अर्धं तथ्य आहे, म्हणून नीट बघू. अब्जभर डॉलरच्या वार्षिक उलाढालीत ब्रँड विभागाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. पण कच्चा माल नाही, गोदाम नाही, त्यामुळे आलेल्या पैशातला बहुतेक नफाच. व्यवहार साधारण असा असतो: विशिष्ट वस्तू, विशिष्ट प्रदेश आणि ठरावीक मुदत यांसाठी नाव वापरायची परवानगी, बदल्यात विक्रीवर रॉयल्टी, बहुधा किमान रकमेच्या हमीसह. लोगो-रंगाचे नियम मालकाचे. डिझाइन, सुटे भाग, दुरुस्ती परवानाधारकाची. पिक्सप्रो कॅमेरे जेके इमेजिंगचे, एक्टार एच35 हा रोलचा कॅमेरा आणि चार्मेरा हा चिमुकला डिजिटल कॅमेरा रेटोचे, भारतातले कोडॅक टीव्ही सुपर प्लास्ट्रॉनिक्सचे. हीच कंपनी इथे थॉमसन आणि ब्लाउपुंक्ट नावाचेही टीव्ही विकते. तेव्हा दुकानात कोडॅक की थॉमसन असा वाद घालताना पॅनेल, पोर्ट आणि वॉरंटीच ताडून बघा.

“काही घेऊ नका” हा तर सगळ्यात कच्चा निष्कर्ष. फोइग्टलेंडर हे कॅमेरा-लेन्समधलं जुनं जर्मन नाव 1999 पासून जपानची कोसिना परवान्यावर वापरते, आणि त्या लेन्सना कोणी दुय्यम म्हणत नाही. उलट चार्मेरा 1.6 मेगापिक्सेलचं खेळणं आहे. किल्लीला अडकवा, लग्नाच्या ऑर्डरला नेऊ नका. एच35 हाफ-फ्रेम आहे, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन, 36 च्या रोलवर 72 फोटो. लेन्सचं छिद्र एफ/9.5 आणि शटर 1/100 सेकंद, दोन्ही कायम. म्हणून मंगल कार्यालयात संध्याकाळी फ्लॅशशिवाय 400 आयएसओचा रोलही चार-पाच स्टॉप कमी पडतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), निगेटिव्ह जवळजवळ कोरी येते. गोदाघाटावर भर उन्हात उलट जास्त प्रकाश जातो. 200 चा कलर निगेटिव्ह रोल तो बऱ्यापैकी झेलतो. दोष नावाचा नाही, न बदलणाऱ्या शटरचा.

एमजी रोडवर खोका हातात आला की पुढचा पिवळा रंग सोडा, मागचा बारीक मजकूर वाचा. उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, निर्मितीचा देश, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा संपर्क, हे सगळं वेष्टनावर कायद्याने हवं. ‘परवान्याखाली वापरलेले बोधचिन्ह’ अशा अर्थाची ओळ दिसली, की वॉरंटीसाठी रॉचेस्टरला मेल पाठवू नका. आयातदाराचं जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे, हे बिल फाडण्याआधी विचारा आणि बिलावर मॉडेल व सीरियल नंबर लिहून घ्या. दाद मिळाली नाही, तर खरेदी कुठूनही असो, नाशिकच्या रहिवाशाला नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते.